ले-आऊटच्या चौकात वर्तुळाकार बेट करावे की सिग्नल बसवावा?

प्रश्न — ले-आऊट सचिव (दक्षिण नागपूर)

रिंग रोडच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या एका ले-आऊटच्या नागरिक मंडळाचा मी सचिव आहे. आमच्या चौकात 18 मीटरचा डीपी रोड (विकास आराखड्यातील रस्ता) आणि 12 मीटरचा अंतर्गत रस्ता एकमेकांना छेदतात. दहा वर्षांपूर्वी येथे फारशी वर्दळ नव्हती. परंतु आजूबाजूला सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्यापासून सकाळी दहा ते अकरा आणि सायंकाळी सहा ते आठ या वेळांत चौक तुंबतो. स्कूलबस, ई-रिक्षा, ‘आपली बस’, बांधकामाचे टिप्पर आणि असंख्य दुचाक्या एकाच वेळी मध्यभागी येतात, कोणीही थांबायला तयार नसतो आणि शेवटी एखादा पानठेल्यावरचा माणूस उतरून हातवारे करत वाट मोकळी करून देतो. रात्री चित्र उलट असते. रस्ता रिकामा असल्यामुळे डीपी रोडवरची वाहने चौकात वेग जराही कमी करत नाहीत, आणि गंभीर अपघात बहुतेक त्याच वेळी झालेले आहेत.

आता प्रभागातून असा प्रस्ताव आला आहे की चौकाच्या मध्यभागी कारंजे आणि हिरवळ असलेले मोठे वर्तुळाकार बेट बांधावे. मंडळातील निम्म्या सभासदांना ही कल्पना आवडली आहे, तर उरलेल्यांचे म्हणणे आहे की सिग्नलशिवाय नागपूरकर थांबत नाही. मंडळाने लेखी मत कळवायचे आहे. सुशोभीकरणाचा मुद्दा बाजूला ठेवून, केवळ वाहतुकीच्या दृष्टीने हा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर — जुना नकाशा (निवृत्त स्थापत्य अभियंता)

आपण सुशोभीकरण बाजूला ठेवलेत हे उत्तम केले, कारण आपल्याकडे चौकाच्या मधोमध काहीतरी गोल बांधले की त्याला रोटरी म्हणण्याची पद्धत पडली आहे. व्हरायटी चौकात गांधीजींचा पुतळा आहे म्हणून तो चौक रोटरी होत नाही. तेथील वाहतूक सिग्नलवर चालते. खरी रोटरी म्हणजे अशी रचना, ज्यात आत शिरणारे प्रत्येक वाहन आधी वेग कमी करते, आतल्या वाहनाला वाट देते आणि मग बेटाला डावीकडून वळसा घालून हव्या त्या रस्त्याने बाहेर पडते. यातले वाट देणे वगळले तर जे उरते ते रस्त्याच्या मधला अडथळा असते.

हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, याला इतिहास आहे. ब्रिटनमध्ये वर्तुळाकार चौक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होते, पण गर्दी वाढली की ते जागच्या जागी कुलूप लागल्यासारखे अडकत, कारण बाहेरून येणारी वाहने आत घुसत राहत आणि आतल्यांना बाहेर पडायला जागाच उरत नसे. 1966 साली तेथे आतल्या वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम झाला आणि तेच चौक वाहते झाले. आपणही डाव्या बाजूने वाहने चालवतो, त्यामुळे वर्तुळातले वाहन नेहमी आपल्या उजवीकडून येते. नियंत्रण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, असे 1989 च्या रस्ता नियमांत होतेच, आणि 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनीही वर्तुळात असलेल्या वाहनालाच प्राधान्य दिले आहे. म्हणजे कायदा स्पष्ट आहे. अडचण तो पाळला जाण्याची आहे, आणि ती बव्हंशी रचनेने सोडवता येते.

आता आधाराबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसची रोटरीविषयीची मार्गदर्शिका, म्हणजे आयआरसी 65, पहिल्यांदा 1976 मध्ये आली आणि 2017 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. जुन्या आवृत्तीतला ठोकताळा आजही पहिल्या चाळणीसाठी उपयोगी पडतो. सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे 500 पेक्षा कमी वाहने येत असतील तर रोटरीची गरज नाही, 3000 च्या वर गेली तर ती पेलत नाही, आणि एकूण वाहनांपैकी 30 टक्क्यांहून अधिक वाहने उजवीकडे वळणारी असतील तर ती विशेष उपयुक्त ठरते. हा शेवटचा निकष लोक विसरतात. सिग्नलवर सर्वाधिक वेळ खातात ती उजवीकडे वळणारी वाहने. वर्तुळात मात्र सरळ जाणाऱ्याप्रमाणेच त्यांनाही फक्त वळसा घालायचा असतो.

सिग्नलचा हिशेब पाहा. आपल्याकडे चार रस्त्यांच्या चौकात सहसा एकेका रस्त्याला स्वतंत्र हिरवा मिळतो. समजा, प्रत्येकाला 25 सेकंद हिरवा आणि बदलासाठी 5 सेकंद दिले, तर पूर्ण फेरा 120 सेकंदांचा होतो आणि नुकताच हिरवा हुकलेल्या माणसाला 95 सेकंद थांबावे लागते. सायंकाळी सात वाजता हे रास्त आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, समोर एकही वाहन नसताना, ते कोणीही पाळणार नाही, म्हणूनच शहरात उन्हाळ्याच्या दुपारी काही सिग्नल बंद ठेवावे लागतात किंवा वर हिरव्या जाळ्या ताणाव्या लागतात. रोटरीत गर्दी नसेल तर प्रतीक्षाही नसते, वीज गेली तरी ती चालूच राहते आणि रात्री तिची उपयुक्तता सर्वाधिक असते, कारण रात्री सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो, पण बेट मात्र जागेवर असते आणि भरधाव गाडीला वेग कमी करावाच लागतो. आपल्याकडचे गंभीर अपघात रात्रीचे असतील तर हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन.

मोजणी केल्याशिवाय मात्र मत कळवू नका. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या साध्या दिवशी, सणवार आणि परीक्षा टाळून, कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवरून मोबाईलने चित्रण करा आणि नंतर घरी बसून पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी मोजा. चार रस्ते गुणिले तीन दिशा अशा बारा हालचाली होतात. त्या वेगळ्या लिहिल्या तरच उजव्या वळणाचे प्रमाण कळते. दुसरे काम टेपचे आहे. चौकाच्या मध्यबिंदूपासून चारही कोपऱ्यांच्या कर्बपर्यंतचे, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडापर्यंतचे, अंतर मोजा. ज्या कोपऱ्याला ते सर्वांत कमी भरेल, तेच तुमचे वर्तुळ ठरवते.

उत्तर — स्कूटीवाली, रामनगर

काकांचे विवेचन पटते, तथापि ते बऱ्याच अंशी कारसाठी लिहिलेले आहे. मी रोज दुचाकीवर असते आणि बेट असलेल्या चौकात मला जी भीती वाटते ती आतल्या वाहनांची नाही. उजवीकडे वळायचे असलेला दुचाकीस्वार बेटाला पाऊण वळसा घालत नाही. तो बेटाच्या उजव्या अंगाने सरळ उलट दिशेने घुसतो, कारण तेवढेच वीस-पंचवीस मीटर वाचतात. मी नियमाप्रमाणे उजवीकडे पाहत आत शिरते आणि हा माणूस मला डावीकडून, समोरासमोर येतो. बेट जितके मोठे, तितका वळसा लांब आणि तितका हा मोह अधिक.

शिवाय परदेशातील आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनानुसार सिग्नलच्या जागी राउंडअबाउट, म्हणजे वर्तुळाकार चौक, केल्यास मृत्यू आणि इजा घडवणारे अपघात 78 टक्क्यांनी घटतात, हे खरे आहे, आणि चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याची, मिळण्याची किंवा एकमेकांपासून फुटण्याची 32 ठिकाणे असतात ती एकपदरी वर्तुळात 8 वर येतात, हेही खरे. पण बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशात जेव्हा सायकलस्वारांचा वेगळा हिशेब केला गेला, तेव्हा राउंडअबाउट झाल्यावर त्यांचे इजा होणारे अपघात कमी न होता वाढलेले आढळले. नागपूरच्या रस्त्यावर दोन चाकांवरचे लोकच बहुसंख्य आहेत. तेव्हा आपल्यासाठी कोणता आकडा अधिक जवळचा, याचा विचार व्हावा.

उत्तर — बर्डीचा दुकानदार

मी सिग्नलच्या बाजूचा आहे. बेट बांधले की आधी त्यावर फलक लागतात, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि समोरून काय येते ते दिसेनासे होते. बेटावर पुतळा असेल तर जयंतीच्या दिवशी हार घालायला येणारी शेकडो माणसे चालत्या वाहतुकीतून मध्यभागी जातात. सिग्नलच्या खांबाला एवढे तरी होत नाही.

उत्तर — पांढरी काठी

माझ्या आईला दिसत नाही आणि ती अशाच एका चौकातून रोज ग्रंथालयात जाते. या चर्चेत पायी चालणारे अजून आलेलेच नाहीत, म्हणून लिहितो.

सिग्नल असलेल्या चौकात आई कानांनी ठरवते. समोरून जाणाऱ्या वाहनांचा आवाज थांबतो, बाजूची इंजिने सुरू होतात, आणि तिला कळते की आता आपल्या समोरचा रस्ता थांबलेला आहे. वर्तुळाकार चौकात वाहने कधीच पूर्ण थांबत नाहीत. आत फिरणारी गाडी आपल्या रस्त्याने बाहेर पडणार की पुढे जाणार, हे डोळस माणसाला तिच्या चाकांच्या कलावरून समजते. आईला समजण्याचा कोणताही मार्ग नसतो. इंडिकेटर आवाज करत नाही, आणि येथे तो लावतो तरी कोण.

याचा अर्थ बेट नकोच असा नाही. वेग खरोखर कमी झाला तर तो पायी चालणाऱ्यांच्याही फायद्याचा आहे. पण चारही रस्त्यांवर तोंडाशी छोटा उंच दुभाजक हवा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या वाहनांकडे लक्ष देऊन अर्धा रस्ता ओलांडता येतो आणि मध्ये उभे राहता येते. झेब्रा पट्टे वर्तुळाच्या अगदी काठावर न मारता साधारण एका कारच्या लांबीइतके, म्हणजे सहा-सात मीटर मागे असावेत. तसे असले की चालक आधी पादचाऱ्याकडे पाहतो आणि मग वर्तुळाकडे, दोन्ही कामे त्याला एकदम करावी लागत नाहीत. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना बोटांना जाणवणाऱ्या ठिपक्यांच्या फरशा हव्यात. हे सर्व प्रस्तावाच्या नकाशात दाखवले आहे का, की नकाशात फक्त कारंजे आहे?

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन — ले-आऊट सचिव

सर्वांचे आभार. नकाशात खरोखरच फक्त कारंजे, त्याभोवती हिरवळ आणि लोखंडी कठडा आहे. दुभाजक किंवा पट्टे दाखवलेले नाहीत.

मंडळातील तरुण मुलांनी गच्चीवरून चित्रण करून मोजणी केली. गर्दीच्या तासातही एकूण वाहने तीन हजारांच्या बरीच खाली आहेत आणि त्यांत दुचाक्याच बहुसंख्य आहेत. सकाळी उजवीकडे वळणाऱ्यांचे प्रमाण ढोबळ मानाने तीनात एक असे आहे, कारण अंतर्गत रस्त्यावरून शहराकडे जायला सर्वांना उजवेच वळण घ्यावे लागते. टेपने मोजल्यावर मात्र निराशा झाली. आग्नेयेकडचा कोपरा सर्वांत जवळ आहे आणि त्या हिशेबाने संपूर्ण वर्तुळाचा व्यास, कर्ब ते कर्ब, जेमतेम 23 मीटर भरतो.

चित्रण पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी रोज तेथून जाऊनही कोणाला सुचली नव्हती. शहराकडून येणाऱ्या रस्त्याच्या डाव्या कोपऱ्यावर तर्री-पोह्याची गाडी लागते. तिच्यासमोर दुचाक्या दोन रांगांत उभ्या राहतात, म्हणून डावीकडे वळणारी वाहनेही मधल्या जागेत येतात आणि सरळ जाणाऱ्यांना अडवतात. गाडी उठते साडेदहाच्या सुमारास, आणि चित्रणात त्यानंतर त्या बाजूची रांग स्पष्टपणे आखूड होताना दिसते.

उत्तर — जुना नकाशा

23 मीटर हा आकडा कळल्यावर कारंज्याचा विषय मिटला आहे, आणि तो आपण मतपत्रात अगदी पहिल्या परिच्छेदात लिहावा. उंच बेट असलेल्या एकपदरी राउंडअबाउटला बाहेरचा व्यास साधारण 27 मीटर तरी लागतो. त्याखाली जे बसते त्याला मिनी राउंडअबाउट म्हणतात. त्यात मध्यभागी काही मीटर व्यासाचा, वरून किंचित फुगीर, पांढरा रंगवलेला सपाटसा घुमट असतो. कार आणि दुचाकी त्याला वळसा घालतात, आणि बारा मीटर लांबीच्या बसचे मागचे चाक वळताना त्यावरून गेले तरी चालते, किंबहुना ते जाणार हे गृहीत धरूनच तो बांधलेला असतो. 23 मीटरच्या वर्तुळात कठडा आणि कारंजे घातले तर बस उजवीकडे वळूच शकणार नाही. ती दोनदा मागे-पुढे करील आणि तेवढा वेळ चारही रस्ते अडतील.

रामनगरच्या ताईंचा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. लहान घुमटाला वळसा घालण्यात वाचवण्यासारखे अंतर फारसे उरत नाही, म्हणून उलट घुसण्याचा मोह कमी होतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर घुमट सपाट असल्यामुळे बेफिकीर चालक त्यावरून सरळच निघून जाऊ शकतो, आणि तसे झाले तर रात्रीच्या वेगावर त्याचा काहीही परिणाम होणार नाही. म्हणूनच सगळा भार मधल्या घुमटावर न टाकता तोंडाशी असलेल्या दुभाजकांवर टाकावा लागतो. ते अशा कोनात बांधायचे की सरळ जाणाऱ्या वाहनालाही आत शिरताना डावीकडे झुकावेच लागेल. प्रवेश ताशी 30 किलोमीटरच्या आत आला तरच रचना यशस्वी समजावी. हे दुभाजक पांढऱ्या काठीवाल्या गृहस्थांनी सांगितलेलेच आहेत, म्हणजे एकाच बांधकामातून दोन कामे होतात. त्यांच्या मातोश्रींसाठी मी आणखी एक सुचवीन. ग्रंथालय किंवा शाळा ज्या बाजूला असेल त्या रस्त्यावरचे झेब्रा पट्टे उंच टेबलासारख्या गतिरोधकावर घ्यावेत, म्हणजे तेथे वाहनाला इच्छा असो वा नसो, हळू व्हावेच लागते, आणि चाक चढण्या-उतरण्याचा आवाज हा ऐकणाऱ्याला थोडाफार संकेतही ठरतो.

दुकानदार साहेबांच्या फलकांच्या तक्रारीला घुमट हेच उत्तर आहे, कारण त्यावर खांब रोवता येत नाही.

पोह्याच्या गाडीबद्दल. हा शोध मला मोजणीइतकाच मोलाचा वाटतो. चौकाच्या प्रत्येक तोंडाचे शेवटचे पंधरा-वीस मीटर मोकळे नसतील तर रोटरीही चालत नाही आणि सिग्नलही, कारण दोन्हींची क्षमता तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असते. गाडी हटवा असे म्हणू नका, तीच मंडळी उद्या विरोधात उभी राहतील. पन्नास मीटर मागे, भिंतीलगत जागा आखून द्या असे म्हणा, आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यावर पुन्हा दुचाक्या उभ्या राहू नयेत म्हणून तेथे खुंट रोवण्याची मागणी करा.

आता थेट काँक्रीट ओतण्याची मागणी करू नये. आधी तात्पुरता प्रयोग मागावा. मधला घुमट रंगाने आखायचा आणि त्याभोवती लवचिक रबरी खुंट लावायचे, दुभाजकांच्या जागी वाळू भरलेली प्लास्टिकची बॅरिकेड ठेवायची, त्यांना परावर्तक पट्ट्या लावायच्या, आणि चारही तोंडांवर वाट द्या हा उलट्या त्रिकोणाचा फलक व रस्त्यावर तुटक रेषा आखायची. हे महानगरपालिका आणि वाहतूक पोलीस यांनीच करायचे आहे. मंडळाने उत्साहाच्या भरात स्वतः दगड-पिंपे मांडू नयेत, रात्री कोणी आदळले तर जबाबदारी मांडणाऱ्यावर येईल. पथदिवे बंद असतील तर ते आधी सुरू करून घ्यावेत, कारण अंधारातले बेट हे बेट नसलेल्या चौकापेक्षा अधिक धोकादायक असते. प्रयोग चार ते सहा आठवडे चालावा, आणि शक्य झाल्यास त्यातला काही भाग हिवाळी अधिवेशनाच्या काळात यावा. त्या दिवसांत वाहतूक पोलिसांचे बरेचसे बळ विधानभवनाच्या परिसरात आणि मोर्च्यांच्या मार्गांवर असते, त्यामुळे पोलिसाशिवाय चौक कसा चालतो ते खरेपणाने दिसेल.

उत्तर — स्कूटीवाली, रामनगर

प्रयोगाला माझी संमती आहे, परंतु तो यशस्वी झाला की फसला हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, हे अर्जातच लिहिलेले असावे. नाहीतर सहा आठवड्यांनी बॅरिकेड तशीच विखुरलेली राहतात आणि प्रयोग कधी संपला ते कोणालाच कळत नाही.

उत्तर — जुना नकाशा

रास्त सूचना आहे. त्याच गच्चीवरून, त्याच वारी, त्याच वेळांत पुन्हा चित्रण करावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक तोंडावर सर्वांत मागचे वाहन चौकात शिरायला किती वेळ घेते; उलट दिशेने जाणाऱ्या दुचाक्या पहिल्या आठवड्याच्या तुलनेत शेवटच्या आठवड्यात घटल्या की वाढल्या; आणि रात्री अकरानंतर डीपी रोडवरची वाहने तोंडाशी खरोखर हळू होतात की नाही. यांपैकी पहिल्या गोष्टीत थोडी निराशा झाली तरी मी रोटरीच्याच बाजूने राहीन, कारण गर्दीच्या दोन-तीन तासांत काही सेकंद अधिक लागणे परवडते. तिसरी गोष्ट फसली, म्हणजे रात्रीचा वेग तसाच राहिला, तर आधी दुभाजकांचा कोन अधिक तिरपा करून पुन्हा पाहावे. दुसरी गोष्ट मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत वाढतच गेली तर मंडळाने सरळ सिग्नलची मागणी करावी, आणि ती करताना वाहनांची चाहूल घेऊन हिरव्याचा वेळ स्वतः कमी-जास्त करणारा, शिवाय पादचाऱ्यांसाठी ऐकू येणारा संकेत असलेला सिग्नल मागावा.

प्रश्नकर्त्याचे निवेदन — ले-आऊट सचिव

मतपत्राचा मसुदा याच क्रमाने तयार करत आहे: व्यास, मोजणी, कोपरा मोकळा करणे, तात्पुरता प्रयोग आणि त्याचे निकष. कारंजे डीपी रोडलगतच्या मोकळ्या भूखंडावर व्हावे, अशी पर्यायी मागणीही त्यात घालतो. म्हणजे प्रस्ताव मांडणाऱ्यांनाही नकार मिळाल्यासारखे वाटणार नाही. पांढरी काठी यांना विनंती आहे की ठिपक्यांच्या फरशा नेमक्या कोठे हव्यात, हे नकाशावर खूण करून दाखवण्यासाठी त्यांनी आणि जमल्यास त्यांच्या मातोश्रींनी रविवारच्या बैठकीस यावे.